धक्क्यावरच्या पांढऱ्या चपला

पहिला दगड दारावरच्या तोरणाला लागला. दुसरा माझ्या कानाजवळून आत गेला आणि पाण्याचा माठ फुटला. घराची मालकीण पाटावर बसून बोंबील साफ करत होती. ती उठली नाही. मासळीत खापऱ्या जाऊ नयेत म्हणून तिने पाटी उचलून मांडीवर घेतली आणि पुन्हा कामाला लागली.

बाहेरची गल्ली माणसांनी भरली होती. अंगावर गुलाल आणि हातात दगड. हीच पोरं थोड्या वेळापूर्वी नाक्यावर नाचत होती, कारण त्यांचे आमदार पुन्हा निवडून आले होते. पण निवडून आलेले आमदार सकाळपासून बेपत्ता होते. त्यांच्या चपला खाडीच्या धक्क्यावर सापडल्या होत्या. आणि या बाईच्या नवऱ्याने प्रचाराच्या शेवटच्या सभेत, सगळ्या गावासमोर, त्यांना चिखलात पुरायची धमकी दिली होती. पुढचा तपास गर्दीने स्वतःच करून टाकला होता. एकाच्या हातात होडीच्या डिझेलचा कॅन होता.

दारात मी आणि नवीन भरती झालेली एक महिला शिपाई. आत आमचे पोलीस निरीक्षक. बाकी सगळा बंदोबस्त मतमोजणी केंद्रावर होता. वायरलेसवर जादा कुमक मागवली होती. ती येते आहे, असं वायरलेस सांगत होता. पोलिसात असलेल्या माणसाला माहीत असतं की कुमक नेहमी येतच असते.

नोकरीतले पुष्कळ दिवस मी विसरले. हा दिवस विसरायचा म्हटलं तरी जमत नाही, आणि खरं सांगायचं तर मला तो विसरायचाही नाही.

मी सातवी पास होऊन पोलीस खात्यात लागले आणि सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. त्या वेळी हवालदार होते. या हकिगतीत कुणाचं नाव घेणार नाही. गावाचंही सांगत नाही. नवी मुंबईच्या खाडीकाठचा एक कोळीवाडा, एवढं पुरे. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील आणि हसतील.

आमदारांना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्याच गाडीत. गावच्या जमिनींसाठी मोर्चा निघाला होता. त्यात धरलेली पोरं आम्ही ठाण्यात आणली. त्यातला एक किडकिडीत पोरगा मला म्हणाला, "मॅडम, भरती लागायच्या आत सोडाल काय? होडी सुटी हाय."

मी म्हटलं, "साहेबांना विचार."

साहेबांनी सोडलं नाही. तेव्हा त्याचा होडीतला जोडीदार, जो मोर्चात सापडला नव्हता, तो ठाण्याच्या खिडकीपाशी आला. आतल्याने बाहेरच्याला सांगितलं, होडी बांध. बाहेरचा गेला, होडी बांधली, आणि ओल्या लुंगीने परत येऊन ठाणे अंमलदारांसमोर उभा राहिला. म्हणाला, "आता मला पन आत घ्या. तो एकटा बसला तर उद्या गावान मोठेपना करंल."

गुन्हा नसताना आत कसं घेणार? तो व्हरांड्यात बसून राहिला. सकाळी दोघे एकदमच घरी गेले.

आतला होता तो पुढे नगरसेवक झाला, मग आमदार. मी त्यांच्या सभांना बंदोबस्त केला, मिरवणुकांना केला, उपोषणाला केला. उपोषणाच्या मंडपात ते खरंच जेवत नसत, एवढं मी खात्रीने सांगते, कारण मी तिथे उभी असे. विधानसभेत पहिल्यांदा बोलायला उठले तेव्हा आपल्या कोळीवाड्याच्या बोलीतच बोलले. समोरचे हसले. हे म्हणाले, "हसा, पन लिवून घ्या." ही गोष्ट सगळ्या खाडीकाठाला पाठ होती. पांढरे कपडे आणि पांढऱ्या चामड्याच्या चपला, हा त्यांचा वेष. हवालदारालाही पाणी विचारल्याशिवाय स्वतः पाणी पीत नसत. माणूस चांगला होता. एकच खोड होती. कोणी काही मागितलं की हात वर करून म्हणत, "झालंच समजा." निम्मं होत असे. निम्मं लोकांनी समजायचं.

बाहेरचा होता तो कोळी राहिला. होडी त्याचीच झाली.

भांडण झालं ते गाळावरून. खाडीत भराव पडले, पूल आले, पाण्याची वाट बदलली. गावाचा जुना नाला, म्हणजे होड्या जायची वाट, गाळाने भरत गेली. ओहोटीला होडी धक्क्यापर्यंत येईना. बायका डोक्यावर पाट्या घेऊन मांडीभर चिखलातून मासळी आणू लागल्या. आमदार म्हणाले, गाळ काढतो, झालंच समजा. पुढच्या निवडणुकीलाही तेच म्हणाले.

शेवटच्या सभेला मी व्यासपीठाच्या बाजूला उभी होते. आमदार बोलत होते, "नाला मोकळा आहे. थोडा गाळ आहे, पण मी आजही डोळे झाकून होडी नेईन."

जोडीदार गर्दीतून उठला. "डोले झाकूनच बसलायस तू! ये एकदा. त्याच चिखलान पुरून टाकीन तुला!"

लोक ओरडले. आम्ही त्याला बाजूला घेतलं. ठाण्यात अदखलपात्र गुन्ह्याची नोंद झाली. आमदार म्हणाले, सोडा हो, तो माझाच माणूस आहे. पण नोंद ती नोंद.

मतमोजणीच्या दिवशी सकाळी ठाण्यात फोन आला. बोलणाऱ्याने नाव सांगितलं नाही. "आमदाराचा गेम झालाय. धक्क्यावर जाऊन बघा." एवढं बोलून ठेवला. नंतर कळलं, तो धक्क्यावरचा चहावाला होता. त्याने काहीच पाहिलं नव्हतं. चपला पाहिल्या, धमकी आठवली, आणि बाकीचं चहाबरोबर उकळलं. अशा खबरी पोलिसांना रोज मिळतात. पण खोटी खबरसुद्धा नोंदवावी लागते आणि तपासावी लागते. ठाणे अंमलदारांनी स्टेशन डायरीत नोंद केली आणि निरीक्षक साहेब मला घेऊन निघाले.

साहेब तरुण होते, विदर्भातले, हुशार आणि सरळ. समुद्र त्यांनी नोकरीत आल्यावर पाहिला होता.

धक्क्यावर चपला होत्या. साहेब खाली वाकून बघत होते. "हवालदार, इथे रक्त आहे."

शेजारी जाळं शिवणारा एक म्हातारा म्हणाला, "साहेब, धक्क्यावर रगत नसंल तवा सांगा. तवा आमी पन घाबरू."

ते मासळीचंच रक्त होतं. तरी पंचनाम्यात घेतलं. मी चपलांकडे पाहत होते. दोन्ही शेजारी शेजारी, टाचा जुळवून, पाण्यापासून लांब ठेवलेल्या. ओढून नेलेल्या माणसाच्या चपला अशा राहत नाहीत. एक इथे पडते, दुसरी तिकडे. या चपला देवळाबाहेर काढून ठेवाव्यात तशा ठेवल्या होत्या.

मी म्हाताऱ्याला विचारलं, "होडीत चढताना चपला काढतात ना?"

"मग? होडी म्हंजे आमची आय. तिच्या अंगावर चपला घालून चढनार काय?"

म्हणजे आमदार स्वतःच्या पायांनी होडीत चढले होते. म्हाताऱ्याने तेही सांगितलं. उजाडताना दोघे गेले. जोडीदार वल्ह्यावर, आमदार पुढे. साहेबांनी विचारलं, "कुठे गेले?"

म्हातारा जाळ्यात मान घालून बसला. "ते कोन इचारतंय."

"तुम्ही विचारलं नाही?"

म्हाताऱ्याने जाळ्याची पुढची गाठ मारली. साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "हा काहीतरी लपवतो आहे."

आमदारांच्या घरी गेलो. त्यांची बायको हॉलमध्ये टीव्हीवर निकाल बघत होती. आमदारांचा फोन फ्रिजवर चार्जिंगला होता, चष्मा शेजारी. ती म्हणाली, "निकालाच्या दिवशी ते घरात थांबतच नाहीत. पहिल्या निवडणुकीपासून. भीतीनं उलट्या व्हायच्या त्यांना. सकाळीच बाहेर पडतात आणि निकाल लागला की येतात."

"कुठे जातात?"

"ते कधी विचारलं नाही."

"इतक्या वर्षांत?"

ती साहेबांकडे बघतच राहिली. "बाहेर पडणाऱ्याला कुठे म्हणून विचारतात काय?"

साहेबांनी वहीत लिहून घेतलं, माहिती देण्यास टाळाटाळ. मला तिथे पहिल्यांदा शंका आली की आपण प्रश्नच चुकीचा विचारतो आहोत.

अग्निशमन दलाची बोट मोठ्या खाडीत फिरत होती. तिला काही सापडलं नाही. दुपार होत आली तसे निकालाचे आकडे येऊ लागले. नाक्यावर व्यासपीठ तयार होतं, टेम्पोवर स्पीकर लावले होते, फटाक्यांच्या माळा सुरू झाल्या. निकाल जाहीर झाला तेव्हा हार घ्यायला माणूस नव्हता. मग चपलांची बातमी फुटली. गाणं बंद पडलं नाही, पण नाचणारे थांबले. ते गाणं तसंच वाजत राहिलं, आणि गर्दी जोडीदाराच्या घराकडे वळली.

आम्ही तिच्याआधी तिथे पोचलो होतो. कायद्याने बाईला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, तिच्या घरी जावं लागतं आणि बरोबर महिला पोलीस लागते. म्हणून मी.

जोडीदाराची बायको माझ्याच वयाची होती. अंगाने भक्कम, आवाज बाजारात कमावलेला. साहेबांनी विचारलं, "तुमचा नवरा कुठे गेला आहे?"

तिने तोंड फिरवलं.

"हे बघा, गंभीर प्रकरण आहे. ते दोघे कुठे गेले, एवढंच सांगा."

तिने कोयता घेतला, बोंबलाचं डोकं उडवलं आणि भिंतीकडे बघत राहिली.

"कुठे गेले?" साहेबांचा आवाज चढला.

"गप बस ना रे!" ती एकदम ओरडली. डोळ्यांत पाणी आलं होतं. पोलीस निरीक्षकाला अरे म्हणणारी बाई मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

साहेब मला हळूच म्हणाले, "हिला सगळं माहीत आहे. अपराधी वाटतंय तिला."

तेवढ्यात गल्लीत गलका झाला, मी दाराशी गेले आणि दगड आले. सुरुवातीला सांगितलं तो क्षण हाच.

मी नव्या शिपाई मुलीला दारात ठेवलं, साहेब तिच्याशेजारी उभे राहिले, आणि मी आत जाऊन बाईसमोर फतकल मारून बसले. अंगावरची खाकी साडी भिजली. माठाचं पाणी थंड होतं.

एक गोष्ट सांगते. मी बौद्ध घरातली. शकुन, अपशकुन, दृष्ट, मांजर आडवं जाणं, यांतलं काही आम्ही मानत नाही. पण खात्यात राहून एक शिकले होते. मी काय मानते याने गुन्हा उघड होत नाही. समोरचा काय मानतो ते बघावं लागतं.

मी विचारलं, "ताई, तो प्रश्न विचारला की तुला त्रास होतो ना?"

तिने मान हलवली. "मानूस पान्यावर हाय, बाय. पान्यावरच्याला कुठं म्हनून इचारत नाय. सासूनं एकदा इचारलेलं. सासरा परत आला नाय."

"बरं. मी नाही विचारत. त्यांनाही विचारू देणार नाही."

बाहेर कोणीतरी ओरडलं, "तिला बाहेर काढा!" साहेबांचा आवाज आला, "एक पाऊल पुढे टाकाल तर बघा!" आवाज जरा पातळ होता, पण ते हलले नाहीत.

मी विचारलं, "सकाळी डब्यात काय दिलंस?"

बाईने माझ्याकडे पाहिलं. हा प्रश्न चालत होता. "भाकरी. सुक्या जवल्याची चटनी. दोघांची भाकरी."

"दोघांची? भांडण झालं होतं ना त्यांचं?"

"भांडान काय आज झालंय? पोर होते तवापासनं भांडतात. माझ्या लग्नान पन भांडले." तिने नाक पुसलं. "निकालाला दर वेलेला जातात दोघं. यंदा हा बोलला, नाय नेनार त्याला. रातभर कूस बदलत होता. पाटं उठून गेलाच त्याच्या दारावर."

"अजून काय दिलंस?"

"पान्याची कलशी."

"आणि?"

तिने हातातला बोंबील पाटीत टाकला. मग म्हणाली, "नारल दिला."

"कुणाला वाहायला?"

"आयला. तिवरांमधल्या आयला."

खाडीत तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या झाडीमध्ये एक शेंदूर लावलेला दगड आहे, तीच या गावाची आय, जुनी देवी. पूर्वी मासेमारीला निघताना तिथे नारळ द्यायचे. मी उठले. "तिकडे होडी जाते कुठल्या वाटेने?"

"जुन्या नाल्यानं," ती म्हणाली, आणि तिच्या हातातला कोयता थांबला. मला जे समजलं ते तिलाही त्याच क्षणी समजलं. नाला गाळाने भरला होता. उजाडताना भरती होती. नंतर ओहोटी लागली. होडी आत गेली असेल तर बाहेर आली नसेल. आणि आता पुन्हा भरती सुरू झाली होती.

"रुतले," ती म्हणाली. "बाय, रुतले ते!" कोयता टाकून ती माझ्याआधी दाराकडे धावली.

ती दारात दिसताच गर्दी पुढे सरकली. सगळ्यात पुढे आमदारांचा पुतण्या होता. मोठा वांड पोरगा, लहानपणापासून मला मावशी म्हणायचा. डिझेलचा कॅन त्याच्याच हातात होता.

"मावशी, बाजूला हो. हिच्या नवऱ्यानं काकाला मारला."

"तुझा काका जुन्या नाल्यात रुतलाय," मी म्हटलं. "भरती लागली आहे. हे घर जाळायला तुला अर्धा तास लागेल. तेवढ्यात काका बुडेल. आधी काय करायचं ते तू ठरव."

त्याने कॅन खाली ठेवला. मग जोडीदाराच्या बायकोने त्याच्या खांद्यावर ओल्या हाताने चापट मारली. "मेल्या, बघत काय बसलास! फल्या आन! फल्या लागतील चिखलावर!"

नाल्यातल्या खोल चिखलात माणूस चालू शकत नाही. फळी टाकली की फळीवरून जाता येतं. पण एवढ्या फळ्या आणायच्या कुठून? सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि सगळ्यांना एकच गोष्ट दिसली. नाक्यावर विजयाच्या सभेचं व्यासपीठ उभं होतं, आणि ते नुसतं फळ्यांचंच होतं.

आत्तापर्यंत घर जाळायला तयार असलेल्या त्या पोरांनी व्यासपीठ किती झटपट मोडलं, ते बघण्यासारखं होतं. फळ्या मिरवणुकीच्या टेम्पोत टाकल्या. टेम्पोला झेंडूच्या माळा तशाच. साहेबांनी शेजारच्या दिवाळे गावच्या कोळ्यांना फोन करून सपाट बुडाच्या होड्या मागवल्या, अग्निशमन दलाची बोट वळवली, रुग्णवाहिका नाल्याजवळच्या बांधावर बोलावली. सगळे हुकूम मोजून-मापून. मला त्या दिवशी त्यांचा अभिमान वाटला, हे त्यांना मी कधी सांगितलं नाही. हे वाचत असतील तर कळेल.

मिठागराच्या जुन्या बांधावर टेम्पो थांबला. पुतण्याने स्पीकर बंद केला, आणि दिवसात पहिल्यांदा शांतता झाली. तेव्हा तिवरांतून आवाज आला. दोन माणसं भांडत होती. सकाळपासून ते मदतीसाठी ओरडत होते, पण सकाळी तिकडे कोणी नव्हतं आणि नंतर आमच्याच फटाक्यांत कुणाला ऐकू आलं नव्हतं.

जोडीदाराची बायको हसू लागली. "जिते हायत. भांडतायत. जिते हायत."

फळ्या टाकत पोरं आत शिरली. मी मागून. तिवरं बाजूला केल्यावर जे दिसलं ते सांगते. होडी आडवी रुतलेली. जोडीदार होडीच्या काठावर पालथा पडलेला. त्याच्या हातात जाळ्याचा दोर, आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला आमदार. छातीपर्यंत चिखलात. पाणी गळ्याला लागलं होतं. डोक्यावर गमछ्याऐवजी पाण्याची रिकामी कळशी ठेवली होती, उन्हासाठी.

होडी अडकल्यावर आमदार ढकलायला खाली उतरले होते. वल्हंही त्यांनीच जोडीदाराच्या हातातून घेतलं होतं, नाला मोकळा आहे हे दाखवायला. हे सगळं नंतर जबाबात आलं. त्या वेळी आम्ही ऐकलं ते एवढं.

जोडीदार म्हणत होता, "गाल काढनार का नाय ते बोल."

"झालंच समजा."

जोडीदाराने दोर बोटभर सैल सोडला. "ते बोलायचं नाय! सरल बोल. काढनार का नाय?"

"आधी मला काढ ना रे!"

पुतण्या फळीवरून ओरडला, "काका! निवडून आलात!"

आमदारांनी कळशीखालून वर पाहिलं. एवढ्या पाण्यात त्यांचा चेहरा उजळला. "किती मतांनी?"

"माझ्या मताशिवाय," जोडीदार म्हणाला.

बाहेर काढणं सोपं नव्हतं. ओढलं की माणूस आखडतो आणि चिखल आणखी धरतो. दिवाळ्याचे कोळी आले, त्यांनी अंगाभोवती दोर घेतला, हाताने चिखल मोकळा केला, आणि चढत्या पाण्याचाच आधार घेऊन त्यांना सैल केलं. पाणी हनुवटीला आलं. सकाळपासून चाललेलं जोडीदाराचं तोंड बंद झालं, आणि तो आमदारांचं डोकं दोन्ही हातांत धरून बसला. मग एकदम चिखलाने आमदारांना सोडलं. ते होडीत पडले ते जोडीदाराच्या अंगावरच. धोतर चिखलात राहिलं. पुतण्याने अंगावर झेंडा टाकला.

बांधावर आणल्यावर लोक भाषण करा म्हणू लागले. आमदार रुग्णवाहिकेच्या पायरीवर उभे राहिले. चिखलाने माखलेले, झेंडा गुंडाळलेले. हात वर केला. सगळ्यांना वाटलं, आता 'झालंच समजा' येणार. त्यांनी जोडीदाराकडे पाहिलं, हात खाली घेतला आणि म्हणाले, "नाला भरलाय. मी खोटं बोललो. गाळ काढीन." आणि आत जाऊन आडवे झाले. एवढं छोटं आणि एवढं खरं भाषण मी कुठल्याच बंदोबस्तात ऐकलं नाही. पोरांनी त्याच बांधावर उरलेला गुलाल उधळला. आमचे निरीक्षक साहेब गुलाबी होऊन ठाण्यात परतले.

मी दोघांचे जबाब नोंदवले. आमदारांनी लिहून दिलं की ते स्वतःच्या मर्जीने गेले होते. जोडीदाराने लिहून दिलं की धमकी खरी होती, पण चिखलात पुरायचं काम आमदारांनी स्वतःच केलं. तेही लिहून घेतलं. दगडफेकीचा गुन्हा मी पुतण्यावर दाखल केला. तो म्हणाला, मंजूर. शिवाय त्याने नवा माठ आणून दिला. बाईने तो ठोकून, वाजवून पाहिला आणि मगच घेतला.

अधिवेशनात आमदार गाळावर बोलले. समोरच्यांनी विचारलं, गाळ नेमका किती खोल आहे? त्यांनी छातीवर हात आडवा धरून दाखवला. या वेळी कोणी हसलं नाही, असं म्हणतात. मी म्हणते, हसले असतील. पण गाळ निघाला. ड्रेजर आला, महिनाभर घरघरत राहिला, आणि ओहोटीलाही होड्या धक्क्याला लागू लागल्या.

या प्रकरणात गुन्हेगार कोणीच नव्हता. तरी एक घर जळणार होतं आणि एक माणूस बुडणार होता. दोन्ही एकाच कारणाने. आम्ही एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होतो आणि लोक गप्प बसले की त्याला लपवणं म्हणत होतो. लोक लपवत नव्हते. ते आपल्या माणसाला जपत होते. गप्प बसलेला प्रत्येक माणूस खोटारडा नसतो. नव्या शिपाई मुलींना मी निवृत्त होईपर्यंत हेच सांगत आले. उत्तर मिळत नसेल तर आवाज वाढवू नका, प्रश्न बदला. आणि शक्यतो जेवणाबद्दल विचारा. जेवणाबद्दल सगळे खरं बोलतात.

आता मी उलव्यात मुलाकडे राहते. गेल्या वर्षी आमदारांच्या नातीच्या लग्नाला गेले होते. आता ते माजी आमदार आहेत. गुडघे गेलेत, पांढऱ्या चपला तशाच आहेत. जोडीदार शेजारच्या खुर्चीवर बसून त्यांच्या पानातला पापड उचलत होता. त्याची बायको मला बघून लांबूनच ओरडली, "बाय, जेवलीस काय?" निघताना मला कोणीही कुठे चाललात म्हणून विचारलं नाही.

त्या दिवशी खाडीत दोघे गेले होते. दोघेही जिवंत आहेत.